मातीच्या शारदेच्या वेढ्याची बखर

श्रीशारदा समर्थ. तिच्याच नावे आरंभ करितो. तिच्या मूर्तीची वाट अडविणारांत लेखक पुढे होता, तरी लेकराने अपराध करून अखेर आईचेच नाव घ्यावे, दुसरे कोणाचे घ्यावे? शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, फाल्गुन मासी, दक्षिण देशी एका विद्यापीठाच्या दौलतीत जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहून द्यावे, ऐसा हल्लीच्या विद्यार्थिमंडळींचा आग्रह पडला. कारण की त्या दौलतीत अद्याप बोलवा आहे, मागील पोरांनी हातोडे घेऊन शारदेची मूर्ती फोडिली. नवी पोरे हे अभिमानाने सांगतात आणि जुने कारकून रागाने सांगतात, परंतु दोघेही खोटे सांगतात. हातोडा कोणी उचलिला नाही, दगड कोणी मारिला नाही, मूर्तीस कोणी बोटही लाविले नाही. तरी मूर्ती गेली आणि आमच्यामुळेच गेली. लेखक त्या समयी मुलांच्या वसतिगृहाचा चिटणीस होता. अक्षर बरे म्हणून पद मिळाले होते, अक्कल कोणी तपासली नव्हती.

ती दौलत माळावर वसलेली. दोन वसतिगृहे, एक मुलांचे आणि एक मुलींचे, मिळून नऊशे शिबंदी, आणि विहीर एक, तिचा तळ मार्गशीर्षातच दिसू लागला. नळ खोलीखोलीत होते, परंतु ते शोभेचे. एक दिवसाआड टँकर यावा ऐसा करार होता, परंतु संवत्सराचे नावच विलंबी, मग टँकराने तरी वेळ का पाळावी? तो तिसरे दिवशी यावा, चौथे दिवशी यावा, आणि तो मुख्य द्वारापाशी दिसला की नऊशे बादल्या एकदम खणखणाव्या आणि पोरांनी व पोरींनी रांग धरावी. माणशी एक बादली, हा नियम. परीक्षा तोंडावर आलेली, म्हणोन लोक एका हाती बादली आणि एका हाती पुस्तक घेऊन उभे राहात, आणि रांग पुढे सरकली की पायाने बादली ढकलून पान उलटीत. अर्धी दौलत त्या रांगेतच पदवीधर जाहली म्हटले तरी चालेल. ऐसे असता विद्यापीठास पन्नास वर्षे पुरी होत आली. कुलगुरू महाराज मोठे विद्वान, परंतु उंटावरून शेळ्या हाकणारे, त्यांचे बंगल्यास पाणी अष्टौप्रहर. त्यांचे मनी आले की या निमित्ते मुख्य द्वारी शारदेची पंचधातूची मूर्ती बसवावी, आणि तिच्या पायाशी कारंजे उडवावे. मग मूर्तिकार शोधणे आले, आणि तालुक्याच्या गावाहून तुळशीराम ओतारी नामे वृद्ध कारागीर बोलाविले गेले.

ओतारीबाबांचे वय सत्तरीचे, अंगाने काटकुळे, बोलणे थोडके. द्वारानजीक पत्र्याची एक शेड बांधून दिली, तीत त्यांनी लोखंडी सळयांचा सांगाडा उभा केला आणि त्यावर माती चढविण्यास आरंभ केला. आधी माती, मग तिचा साचा, मग ओतीव धातू, ऐसा त्या विद्येचा क्रम. माती ओली असे तोवरच ती मूर्ती, हे त्या कामाचे मर्म. सकाळ-संध्याकाळ तिजवर पाणी शिंपावे, ओली फडकी गुंडाळावी, वरून प्लॅस्टिक झाकावे. फडकी म्हणजे बाबांच्या वारलेल्या बायकोची जुनी सुती लुगडी होती, ती त्यांनी फाडून आणिली होती. त्यामुळे मूर्ती सदा झाकलेली, आणि आत काय घडते ते कोणास ठाऊक नव्हते. कुलगुरूंनी एकदा प्लॅस्टिकाबाहेरून पाहिले, 'छान, छान' म्हणाले आणि गेले. बाबा पाण्यासाठी आमच्याच रांगेत उभे राहात. कोणी पोर म्हणे, 'बाबा, तुम्ही पुढं व्हा,' तर ते म्हणत, 'रांग म्हंजे रांग,' आणि जागेवर उभे राहून एकेकाकडे टक लावून पाहात. चार मास ते ऐसे पाहात होते. आम्हास वाटे, म्हातारपण आहे, दृष्टी लागत असेल कोठेतरी.

मुलींच्या वसतिगृहाची मुखत्यार दैवशालाबाई केकाण. बालाघाटाच्या डोंगराकडील, आईबाप ऊसतोडीवर, आणि बाई राज्यशास्त्र शिकत होत्या. लहानपणापासोन पाणी वाहिलेले, म्हणोन पाण्याच्या प्रकरणी त्यांच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती नव्हती. रांगेचा नियम त्यांनीच बसविलेला. दिवाळीत डाव्या चपलेचा अंगठा तुटला, तो त्यांनी सेफ्टी पिनेने अडकविला, आणि त्याच चपलेवर पुढील सर्व मसलत चालविली. एके दिवशी बाबा दोन बादल्या घेऊन रांगेत आले, तेव्हा बाई म्हणाल्या, 'बाबा, माणशी एक.' बाबा म्हणाले, 'एक माझी. एक तिची.' 'तिची म्हंजे कुणाची?' 'आत उभी हाय तिची.' सारी रांग हसली. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, 'बरं, घ्या. पण तिला म्हणावं, उद्यापासून रांगेत येऊन उभी राहा.' बाबा म्हणाले, 'हुभीच हाय की.' तेव्हा आम्हास वाटले, म्हातारा थट्टा करितो.

मग फाल्गुनात कारंज्याची वार्ता फुटली. मोबाईलचे जासूद घटकेत दोन्ही वसतिगृहे फिरून आले, की आम्हास प्यावयास पाणी नाही आणि महाराज पाणी उडविणार. संतापास पारावार राहिला नाही. वद्य चतुर्थीस, रविवारी, सर्वसाधारण सभा भरली, आणि मसलत ठरली की मूर्तीचे काम बंद पाडावे, धरणावरून वसतिगृहास नळ आल्याखेरीज माघार घेऊ नये. मागणे रास्त होते, आजही रास्तच म्हणतो. इतक्यात सभेत एक शहाणा उठला आणि म्हणाला, की आपल्यातीलच कोणी माथेफिरू आत शिरून मूर्ती फोडील, मग बदनामी सर्वांची होईल आणि नळ राहील बाजूला. हे सर्वांस पटले. मग दैवशालाबाईंनी लेखकास म्हटले, 'चिटणीस, असं लिहा की बोट शिरायला जागा राहू नये.' लेखकाने हौसेने लिहिले. तंटा मिटेतोवर मूर्तीचे घरात कोणीही, कोणत्याही पक्षाने, कोणत्याही कारणे पाऊल ठेवू नये. ठेवील तो फितूर. ठराव बदलणे जाहल्यास सर्वसाधारण सभेनेच बदलावा, आणि सभा रविवारीच भरावी. टाळ्या जाहल्या. लेखकाने खाली स्वाक्षरी करून तीस एक वळणदार शेपूट काढिले. मूर्तीस धक्का लागू नये म्हणोन केलेला तो ठराव, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे.

वद्य पंचमीस, रंगपंचमीचे दिवशी, वेढा पडला. रंग कोरडाच खेळून पोरे आली, शेडीच्या दारास वसतिगृहातील एका खोलीचे कुलूप घातले, किल्ली चिटणिसाचे हवाली केली, आणि चहूंकडून हातात हात घालून कडे केले. शिस्त ऐसी की पहावे. घोषणा तालात, शिवी नाही, धक्काबुक्की नाही, पहारे पाळीपाळीने. कुलसचिव म्हणजे दौलतीचे कारभारी, त्यांनी एक शिपाई समोर खुर्ची टाकून बसविला, की काय बोलणे होते ते टिपून घ्यावे. त्याच दिवशी सकाळी ओतारीबाबा बादली घेऊन आले आणि म्हणाले, 'पोरांनो, आत जाऊन पाणी मारून येतो. धा मिनटं.' दैवशालाबाई अदबीने म्हणाल्या, 'बाबा, तुमच्याशी आमचं भांडण नाही. भांडण साहेबांशी आहे. पण आत कुणी जायचं नाही असं ठरलंय.' बाबा म्हणाले, 'काम न्हाई करत, बाई. नुसतं पाणी. माती वाळायलीय.' तेव्हा कड्यातून एक आवाज उठला, 'आम्हाला प्यायला पाणी नाही, अन् मातीला पाणी!' एकच हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि त्या वाक्याची पुढे घोषणा जाहली, भिंतीवरही चढली. तो आवाज लेखकाचाच होता. त्या दिवशी लेखकास आपला फार अभिमान वाटला, हेही लिहून ठेवितो.

दुसरे दिवशी बाबा अर्धी बादली घेऊन आले आणि म्हणाले, 'आरधीच द्या मारू.' तेही न जाहले. पत्रा उन्हाने ऐसा तापला की हात लाविता पोळे. तिसरे दिवशी बाबा पहाटेची यष्टी धरून गावी गेले आणि दहा वाजेतो परत आले, दोन हाती दोन पाण्याचे कॅन. ते दारापाशी ठेविले आणि म्हणाले, 'हे तुमचं पाणी न्हाई. माझ्या घरचं हाय. आता तरी सोडा.' तेव्हा दैवशालाबाईंनी चौघांस बाजूस घेऊन खलबत केले. लेखकही त्यात होता. एक म्हणाला, म्हातारा खरे बोलतो. दुसरा म्हणाला, आज पाण्यास सोडाल, उद्या हाती करणी घेऊन कामास लागेल, परवा साचा ओतील, आणि महाराज हसतील. तिसरा म्हणाला, प्रश्न पाण्याचा नाही, तत्त्वाचा आहे. बाईंनी लेखकास विचारिले, 'ठरावात वाट आहे का काही?' लेखकाने कागद उलगडून पाहिला आणि सांगितले, नाही, रविवारपर्यंत नाही. बाई बाबांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, 'रविवारी सभा आहे, बाबा. पहिला विषय तुमचाच घेते. चार दिवस फक्त.' बाबा म्हणाले, 'चार दिस तिला न्हाईत, बाई.' मग त्यांनी पोरांच्या तोंडांकडे पाहिले, ती उन्हाने लाल झालेली, ओठ वाळलेले. आणि त्यांनी आपणच कॅनचे बूच काढिले आणि म्हणाले, 'घ्या, तुम्ही तरी प्या. ऊन लई हाय.' आणि आम्ही ते पाणी प्यालो. लेखकाने दोन पेले घेतले. पाणी गोड होते. त्या दिवसापासोन अनेक ठिकाणचे पाणी प्यालो, परंतु त्या पाण्याची चव जिभेवरून जात नाही.

चौथे दिवशी बाबा रिकाम्या हाती आले. नीट दैवशालाबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, 'तू एकटी आत ये. मी भाईर थांबतो. बघ अन् मग काय करायचं ते कर.' बाई म्हणाल्या, 'मीच गेले तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू?' बाबा म्हणाले, 'बाई, तुझंच...' आणि थांबले. समोर शिपाई खुर्ची पुढे ओढून, कान टवकारून बसला होता. बाबांनी त्याजकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि शब्द गिळून गेले. बाई लेखकास म्हणाल्या, 'काय म्हणत होते हो? तुझंच काय?' लेखक म्हणाला, 'तुझंच चुकतंय, असं असेल.' त्या दिवशी घोषणेस बाईंचा आवाज नव्हता.

पाचवा दिवस शुक्रवार, आणि या बखरीतील खरे पाप त्याच दिवसाचे. दुपारी बारा वाजता कडे मेसला जेवावयास गेले, शिपाई सावलीस पेंगला, आणि दारापाशी लेखक एकटा राहिला. बाबा आले आणि शेजारी बसले. म्हणाले, 'किल्ली तुझ्याकडं हाय न्हवं?' लेखक म्हणाला, 'आहे.' 'मग दे. कोन बघतंय?' खरोखर कोणी पाहात नव्हते. लेखकाचा हात खिशात गेला, किल्ली बोटांस लागली, ती उन्हाने ऊन झाली होती. दैवशालाबाई तेथे नव्हत्या, सभा नव्हती, भय कोणाचे नव्हते, महाराजांचेही नव्हते. एक म्हातारा होता आणि आत ओली राहू पाहणारी माती होती, आणि दारास हातभर अंतर. लेखकाने किल्ली धरिली आणि म्हटले, 'बाबा, ठराव मीच लिहिलाय. मीच कसा मोडू?' बाबांनी त्याजकडे पाहिले, रागाने नव्हे, आणि म्हणाले, 'अक्षर चांगलं असंल तुझं.'  थोड्या वेळाने आत धप्प ऐसा आवाज जाहला, जैसे गोणी खाली टाकावी. बाबा उठले, तापल्या पत्र्यास तळवा लाविला, पोळला तरी काढिला नाही, आणि म्हणाले, 'हात गेला. बादलीचा.' लेखकास वाटले, म्हाताऱ्यास ऊन लागले, शारदेच्या हाती वीणा असते, बादली कोठून यावी? मग दुसरा आवाज जाहला, मोठा. बाबांनी तो कोणत्या अंगाचा ते सांगितले नाही. ते जाऊन लिंबाखाली बसले, आणि सांजेस कडे परत भरले तेव्हाही तेथेच होते. लेखकाने झाला प्रकार कोणास सांगितला नाही. किल्ली घामाने हातास चिकटली होती.

सहावे दिवशी, शनिवारी, बाबा लिंबाखालून उठलेच नाहीत, आणि लेखक दिवसभर त्यांचेकडे पाठ करून उभा राहिला. रविवारी, वद्य एकादशीस, महाराज नरम आले. वर्तमानपत्रांत बोभाटा जाहला होता, वरून विचारणा आली होती. सभा भरण्यापूर्वीच तह जाहला, की मूर्तीचे काम रद्द, कारंजे रद्द, आणि दोन मासांत धरणावरून वसतिगृहास नळ. पोरांनी गुलाल उधळिला, दैवशालाबाईंस खांद्यावर घेतले. हत्यार न उचलिता ऐसा फत्ते जाहलेला वेढा त्या दौलतीत पूर्वी जाहला नव्हता, ऐसे जो तो म्हणे. मग महाराज स्वतः कारभाऱ्यांस घेऊन शेडीपाशी आले, की पोरांनी आत काय धुमाकूळ घातला तो डोळ्यांनी पाहावा. दैवशालाबाई ताठ मानेने म्हणाल्या, 'पाहा, सर. बोट लावलेलं नाही.' लेखकाने कुलूप उघडिले. आत सळयांचा सांगाडा उभा होता, उघडा, आणि त्याच्या पायथ्याशी मातीचा ढीग पडला होता, भेगा गेलेला, वाळून पांढरा. लुगड्याची फडकी कडक होऊन सळयांस लटकत होती. ढिगात एक बादली होती, मातीची, कानासकट. एक पंजा होता, त्यात पुस्तक, आणि पुस्तकाच्या पानांत बोट, खूण म्हणोन ठेविलेले. चेहऱ्याचे तुकडे ऐसे जाहले होते की नाक कोणते आणि हनुवटी कोणती हे कळेना. शाबूत राहिला होता एकच अवयव, डावा पाय, घोट्यापर्यंत, सांगाड्याच्या खालच्या सळईस धरून. आणि त्या पायात चप्पल होती. देवीच्या पायात चप्पल कोणी पाहिली आहे काय? आणि चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो सेफ्टी पिनेने अडकविलेला होता, पिनेचे टोपणदेखील बाबांनी नखाने कोरिले होते.

तेव्हा एकेकाची नजर आधी त्या पायाकडे गेली आणि मग दैवशालाबाईंच्या पायाकडे गेली. बाईंनी आपली नजर सर्वांत शेवटी खाली नेली. गुलाल अजून गालावर होता. त्या ढिगापाशी खाली बसल्या आणि म्हणाल्या, 'चिटणीस, हा माझा पाय आहे.' महाराज म्हणाले, 'ही शारदा नव्हे. आम्ही शारदा सांगितली होती.' ओतारीबाबा दारात उभे होते, ते म्हणाले, 'शारदाच हाय साहेब. तुमच्या इथं ती रांगेत असती.' महाराजांचे तोंड उतरले, कारभारी खाकरले, आणि उभयता निघून गेले. त्यांस कदाचित त्याच क्षणी कळले की ही बला आपोआप टळली, ही मूर्ती द्वारी उभी राहती तर येणाऱ्या प्रत्येक थोर पाहुण्यास तिची बादली दिसती आणि ती कोणास झाकता आली नसती. आम्ही सात दिवस घोषणा देऊन जे सांगत होतो, ते म्हाताऱ्याने चार मास खपून उभे केले होते, कायमचे, धातूत ओतण्याजोगे. आणि तेच आम्ही कुलूप घालून वाळविले. साप साप म्हणून भुई धोपटली ऐसे म्हणावे, तर आमचे हातून भुईही नव्हे, आपलेच माणूस मारिले गेले.

मग जे जाहले ते लिहिता लाज वाटते, तरी लिहितो. त्याच घटकेस टँकर आला. कोणी हुकूम केला नाही, परंतु पोरांनी आणि पोरींनी बादल्या भरल्या आणि सारी शेडीकडे धावली, आणि रांग लागली, शेडीपासोन टँकरापर्यंत, आणि हातोहात बादल्या पुढे आल्या, की मातीवर घाला, भिजवा, बाबा, पुन्हा उभी करा, आम्ही आठ दिवस आंघोळ करणार नाही. बैल गेला आणि झोपा केला. बाबांनी पहिली बादली घेतली आणि खाली ठेविली. म्हणाले, 'माती भिजंल. माती कुटं मरती? पन ती पोरगी आता यायची न्हाई. ती चार म्हैन्यांनी एकदाच आली होती.' दैवशालाबाईंनी विचारिले, 'बाबा, तोंड कसं होतं?' ते म्हणाले, 'आता कसं सांगू? ते हातानं येतं, सांगून न्हाई येत.' बाई रडू लागल्या. लेखकाने विचारिले, की इतके होते तर पहिल्याच दिवशी सांगितले का नाही? बाबा म्हणाले, 'शिपाई बसला होता न्हवं समोर? सायबाला कळतं तर त्यांनी मोडलं असतं. मला त्यांची भीती होती. तुमची न्हवती.' एवढेच बोलले. मग लुगड्याची फडकी एकेक सोडवून घडी घातली, पिशवीत ठेविली, आणि दुपारची यष्टी धरून गेले. जाताना आवाज चढविला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर आम्हास बरे वाटले असते. ते सुखही त्यांनी दिले नाही.

पुढील हकीकत थोडकी आहे. वैशाखात नळ आला, तो आजतागायत आहे, त्याबद्दल या फौजेस श्रेय द्यावे, ते खरे आहे. आमची पिढी पदव्या घेऊन पांगली. दोन वर्षांनी महाराजांनी कोठून तयार फायबरची शारदा आणविली, पांढरीशुभ्र, हाती वीणा, खाली कारंजे, आणि तिला कोणी विरोध केला नाही, कारण विरोध करणारे कोणी उरले नव्हते आणि नळास पाणी होते. ओतारीबाबांकडे लेखक दोनदा गेला. एकदा ते घरी नव्हते. दुसऱ्या वेळी होते, चहा पाजिला, पिकापाण्याचे बोलले, मातीचे बोलले नाहीत. मोठी मूर्ती त्यांनी पुन्हा हाती घेतली नाही, गणपती तेवढे करीत, आणि गेल्या पौषात ते वारले. ही वार्ता आल्यावरच ही बखर लिहिण्यास हात धजावला. बदनामीच्या भीतीने केलेला तो ठराव लेखकापाशी अद्याप आहे. अक्षर सुरेख आहे. त्यात एक चूक सापडत नाही.

तात्पर्य थोडके. मागणे खरे होते, शिस्त खरी होती, महाराज दोषी होते, आणि तरी जे नासले ते आमच्या हाताने नासले, हात न लाविता. तो डावा पाय त्या दिवशी दैवशालाबाईंनी घेतला नाही, पाहवेना म्हणाल्या, म्हणोन लेखकाने घेतला आणि आपल्या घरी फडताळात ठेविला आहे. ती माती कच्ची, भाजलेली नाही. तेव्हा ती पाण्याविना गेली, आणि आता तिजवर पाणी पडेल तर तो पाय विरघळून चिखल होईल. म्हणोन छपरास गळती लागली की लेखक आधी ते फडताळ पाहतो, मग मुलाबाळांची अंथरुणे पाहतो. दैवशालाबाई हल्ली डोंगरापलीकडे एका शाळेत शिकवितात. बोलणे फारसे होत नाही, परंतु पावसाळा लागला की त्यांचे एक पत्र येते. त्यात नमस्कार असतो, आणि खाली एकच ओळ, 'पाय कोरडा आहे ना?' लेखक उलट टपाली लिहितो, 'कोरडा आहे.' येथे लेखणी ठेविली.